क्रूस खालून वर वाचायचा: इंग्लंडच्या चर्च-आवारातले मध्ययुगीन दगड ओळखताना

इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यात चर्चच्या फाटकातून आत शिरलं की चहूकडे थडगी लागतात आणि त्यांत दगडी क्रूसही भरपूर असतात. त्यातले बहुतेक व्हिक्टोरिया राणीच्या काळातले किंवा त्यानंतरचे, एकेका माणसाच्या कबरीवरचे. हा लेख त्यांच्याबद्दल नाही. दक्षिणेच्या दाराकडे जाणाऱ्या वाटेलगत पायऱ्यांच्या चौथऱ्यावर एखादा एकटाच खांब उभा असतो. पुष्कळदा त्याला डोकं नसतं, कधी डोक्याच्या जागी दगडी गोळा असतो, कधी छायाघड्याळ. येणारेजाणारे त्याच्या पायरीवर टेकतात, सँडविच खातात आणि चर्चची खिडकी बघायला आत जातात. आपल्याला बघायचा आहे तो हा खांब, म्हणजे गावाचा मध्ययुगीन क्रूस. तो बहुधा पाच-सहाशे वर्षांचा असतो आणि काही ठिकाणी हजाराच्याही वरचा.

गोव्यात किंवा वसईत चर्चसमोरचा पायऱ्यांवरचा क्रूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल, आणि नातं खरंच आहे. पोर्तुगीजांनी जी कॅथलिक परंपरा कोकण किनाऱ्यावर आणली तिचं मूळ मध्ययुगीन युरोपातच होतं. फरक एवढाच की गोव्यात आजही अशा क्रूसापुढे मेणबत्त्या लागतात, उन्हाळ्यात लदीन म्हटली जाते. इंग्लंडमध्ये तो धागा सोळाव्या शतकात तुटला. म्हणून तिथला क्रूस सांगाड्यावरूनच ओळखावा लागतो.

आधी थोडं: तो तिथे कशासाठी होता

मध्ययुगात साध्या माणसाच्या कबरीवर दगड नसायचा. नाव कोरलेला दगड जमीनदाराला किंवा पाद्र्याला मिळायचा, तोही बहुतेक चर्चच्या आत. बाहेर मातीत गेलेल्या सगळ्या गावाच्या वतीने एकच क्रूस उभा असायचा. आवार पवित्र केलेली जमीन आहे ही खूणही तोच.

वर्षातून एकदा त्याचा मोठा मान असे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, गावची मिरवणूक चर्चबाहेर पडून आवारातून फिरायची आणि क्रूसापाशी थांबायची. इंग्लंडमध्ये ताड-माड कुठले? लोक यू किंवा विलो झाडाच्या फांद्या हातात धरायचे आणि त्यालाच झावळी म्हणायचे. जुन्या कागदपत्रांत ह्या क्रूसाला पाम क्रॉस असंही म्हटलेलं सापडतं ते ह्यामुळे. एरवी त्याच्या पायऱ्यांवरून प्रवचन व्हायचं, दवंडी दिली जायची, प्रायश्चित्त भोगणाऱ्याला तिथे उभं केलं जायचं. सौदेही होत असावेत, कारण पहिल्या एडवर्ड राजाने १२८५ च्या विन्चेस्टरच्या कायद्यात चर्चच्या आवारात जत्रा आणि बाजार भरवायला मनाई केली. जे चालू नसतं त्याला कोणी मनाई करत नाही.

मग धर्मसुधारणा आली, म्हणजे इंग्लंड रोमच्या चर्चपासून फुटून प्रॉटेस्टंट झालं. मूर्ती आणि प्रतिमा संशयित ठरल्या आणि क्रूसाच्या माथ्यावर तर त्याच कोरलेल्या होत्या. सोळाव्या शतकात काही फुटले. मोठा घाव पडला तो सतराव्या शतकात, राजा आणि पार्लमेंट ह्यांच्यातल्या यादवी युद्धाच्या काळात. ऑगस्ट १६४३ मध्ये पार्लमेंटने मूर्तिपूजेची सगळी स्मारकं पाडून टाकण्याचा हुकूम काढला आणि त्यात क्रूस आले. लंडनचा चीपसाइडचा प्रसिद्ध क्रूस त्याआधीच, त्याच वर्षीच्या मे महिन्यात पाडला गेला होता. संपूर्ण इंग्लंडमध्ये एकेकाळी रस्त्यांवरचे, बाजारांतले आणि चर्चचे मिळून बारा हजारांहून जास्त क्रूस असावेत असा अंदाज केला जातो. आज माथ्यासह किंवा माथ्याविना दोन हजारही उरलेले नाहीत.

फोडणाऱ्यांचा राग चित्रांवर होता. पायऱ्या आणि खालचे जड दगड उचलून नेण्याची मेहनत फारशी कोणी केली नाही. त्यामुळे अस्सल जुनं जे आहे ते सहसा खाली असतं आणि डोळ्यांत भरणारा वरचा सुबक क्रूस शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बसवलेला असतो. नवखा माणूस आधी वर बघतो. तुम्ही खाली बघा.

पहिली पायरी: घरूनच ठिकाण नक्की करा

हिस्टॉरिक इंग्लंड ह्या सरकारी संस्थेची राष्ट्रीय वारसा यादी इंटरनेटवर फुकट आहे. तिच्यात इंग्रजीतून चर्चयार्ड क्रॉस हे दोन शब्द आणि परगण्याचं नाव टाकलं की नोंदी येतात. नकाशावरून शोधलं तर अजून बरं, कारण एकाच फेरीत होण्यासारखी दोन-तीन गावं दिसतात.

नोंद दोन प्रकारची असते. लिस्टेड म्हणजे इमारतींच्या यादीतली, तिला पहिली, दुसरी-तारांकित किंवा दुसरी अशी श्रेणी असते. शेड्यूल्ड म्हणजे संरक्षित पुरातन स्मारक. पुष्कळ क्रूस दोन्हीकडे आहेत. इमारतींच्या यादीतली जुनी नोंद तारेसारखी त्रोटक असते: सी अक्षरापुढे चौदा किंवा पंधराचा आकडा, म्हणजे चौदावं किंवा पंधरावं शतक, पुढे पायऱ्या किती, खांबाचा आकार, माथा कधीचा. शेड्यूल्डची नोंद मात्र लांबलचक आणि फार उपयोगाची. कुठला दगड मध्ययुगीन, कुठला नंतरचा, खांब कुठे जोडला आहे, हे सगळं त्यात मोजमापांसह असतं. मी ती नोंद आधी वाचत नाही. जाऊन बघतो, स्वतःचा तर्क करतो आणि मग बसमध्ये बसून वाचतो. सगळ्यांना हे पटेल असं नाही, पण डोळा लवकर तयार होतो.

ऑर्डनन्स सर्व्हेचे कागदी नकाशे मिळाले तर त्यावर जुन्या अवशेषांची नावं वळणदार गॉथिक अक्षरांत छापलेली असतात. चर्चच्या चिन्हाशेजारी त्या अक्षरांत क्रॉस असं दिसलं की समजा, काहीतरी आहे.

उत्तर आणि वायव्य इंग्लंडमधल्या नॉर्मनपूर्व, म्हणजे १०६६ च्या आधीच्या, कोरीव दगडांसाठी डरॅम विद्यापीठाचा अँग्लो-सॅक्सन शिल्पांचा संग्रह ऑनलाइन आहे. तो फोटोंसाठी तरी चाळावाच.

दुसरी पायरी: पिशवीत काय

दुर्बीण. पक्षी बघायची साधी चालेल. माथा दहा-बारा फुटांवर असतो आणि त्याच्यावरची आकृती वीतभर, म्हणजे दुर्बिणीशिवाय नुसता दगडाचा गोळा दिसतो. कापडी टेप, धातूची नको, दगडावर ओरखडे उठतात. एक टॉर्च. फोनमध्ये होकायंत्र असतंच. पेन्सिल आणि वही. आणि पाणी न शिरणारे बूट, कारण चर्चच्या आवारातलं गवत मे महिन्यातही दुपारपर्यंत ओलं असतं.

तिसरी पायरी: आवारात शिरल्यावर

आवार दिवसा बहुधा उघडंच असतं, परवानगी लागत नाही. रविवारी सकाळी उपासना असते, तेव्हा जाऊ नका. गेलातच तर बाहेर शांतपणे थांबा. अंत्यविधी चालू असेल तर परत फिरा.

आधी दक्षिण बाजू धरा. खेड्यातल्या चर्चचं रोजचं दार साधारण दक्षिणेला असतं आणि क्रूस त्या वाटेच्या आसपास. तिथे नसेल तर चर्चला एक फेरी घाला. झुडपांत, भिंतीला टेकवून, कधी फुलझाडाची कुंडी म्हणून वापरलेला एखादा चौकोनी पोकळ दगड दिसला तर तो तळखडा असू शकतो. ह्याबद्दल पुढे.

व्हिक्टोरियन थडग्यांचे क्रूस वेगळे काढायला फार वेळ लागत नाही. त्यावर नाव आणि तारीख असते, कडा धारदार असतात, आणि आयर्लंडच्या धर्तीवरचं गोल कडं व दोरांच्या गाठींची नक्षी यंत्राने काढल्यासारखी नेमकी असते. त्याच गाठी खऱ्या जुन्या दगडावर असल्या तर हात चुकलेला दिसतो, एक दोर दुसऱ्याच्या वरून जायचा तिथे खालून गेलेला असतो.

पहिल्या महायुद्धानंतर पुष्कळ गावांनी आपलं युद्धस्मारक मध्ययुगीन क्रूसाच्या नमुन्यावर केलं, काहींनी जुना मोडका क्रूसच दुरुस्त करून त्यावर हुतात्म्यांची नावं घातली. तेव्हा १९१४–१९१८ असं दिसलं म्हणून लगेच पाठ फिरवू नका. नावं नव्या दगडावर आहेत की जुन्या पायरीवर, ते बघा.

चौथी पायरी: खालून वर

पायऱ्या साधारण दोन ते चार, चौकोनी किंवा अष्टकोनी. जुन्या पायऱ्यांचे दगड वेगवेगळ्या लांबीचे असतात, सांधे सरळ रेषेत नसतात, कडा झिजून गोल झालेल्या असतात. लोखंडी पट्ट्यांनी दगड एकमेकांना जखडलेले दिसतील. ते लोखंड गंजून फुगतं आणि दगडालाच तडा देतं. ही दुरुस्ती बहुतेक वेळा नंतरची. सगळ्यात खालची पायरी पुष्कळदा अर्धी मातीत असते, कारण शतकानुशतकं पुरत पुरत आवाराची जमीनच वर आली आहे. चर्चच्या दाराशी एक पायरी खाली उतरावी लागत असेल तर त्याचंही कारण हेच असू शकतं.

त्याच्यावर एकच मोठा दगड, मध्ये खाच, त्यात खांब रोवलेला. आपल्याकडे वाड्यात लाकडी खांबाखाली जो तळखडा असतो तेच काम हा करतो, म्हणून मी त्याला तळखडाच म्हणतो. नवख्याने सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा. हा दगड टनभर वजनाचा असू शकतो, तो कोणी हलवला नाही, कोणी फोडला नाही, आणि त्याच्यावर काळाच्या खुणा स्वच्छ असतात. खाली चौकोन, वरती अष्टकोन, आणि चौकोनाचे चार कोपरे जिथे अष्टकोनात मिसळतात तिथे पिरॅमिडसारखे चार छोटे उतार ठेवलेले: ही चौदाव्या-पंधराव्या शतकाची आवडती पद्धत. खांबाच्या बुंध्याशीही हेच, म्हणजे तळाशी चौकोनी आणि हातभर वर गेल्यावर कोपरे कापून अष्टकोनी.

आता गुडघ्यावर बसून खांब आणि तळखडा ह्यांच्या मधली फट बघा. राखाडी, मऊ, थोडं चकाकणारं काही दिसलं तर ते शिसं. पाथरवट खांब खाचेत उभा करून भोवती वितळलेलं शिसं ओतत. करडं सिमेंट दिसलं तर सांधा नव्याने भरलेला आहे. दोन्ही दिसलं तर खांब एकदा निखळून पुन्हा बसवलेला असू शकतो, आणि मग चारही बाजूंचं मूळचं तोंड तेच आहे की फिरलं आहे हा प्रश्न उभा राहतो.

हेरेफर्डशरमध्ये असाल तर तळखड्याच्या पश्चिम बाजूला कोनाडा आहे का बघा. हा त्या भागाचा खास थाट. वर छोटी कमान, आत दिवा ठेवता येईल एवढी जागा. झावळ्यांच्या रविवारच्या मिरवणुकीत पवित्र भाकरीची डबी तिथे ठेवत असावेत असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आल्फ्रेड वॉटकिन्स नावाच्या त्याच परगण्यातल्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हे क्रूस हिंडून हिंडून टिपले. प्राचीन स्थळं सरळ रेषांत जोडणारी ले लाइन्सची कल्पना काढणारा हाच. ती कल्पना पुरातत्त्ववाल्यांनी बाजूला ठेवली, त्याची क्रूसांची कामगिरी मात्र टिकली. फोटोचा उजेड मोजायचं एक यंत्रही त्याने बनवलं होतं, त्यामुळे त्याची छायाचित्रं चांगली यावीत ह्यात नवल नाही.

खांब वरच्या दिशेने किंचित निमुळता होतो. नजर हळूहळू वर न्या आणि रंग बदलतो का बघा. खालचा भाग करडा, डागाळलेला आणि दीड-दोन फुटांवर एकदम फिकट, गुळगुळीत दगड सुरू होत असेल तर तो जोड आहे. खांब मध्येच आडवा कापल्यासारखा संपत असेल आणि वर गोळा किंवा घनाकृती दगड असेल, तर माथा फोडल्यानंतर सतराव्या-अठराव्या शतकात गावाने तो छायाघड्याळासाठी वापरला. घनाच्या बाजूंवर रेषा आणि एखाद्या तुटक्या लोखंडी काट्याचं भोक दिसतं. कल्पना व्यवहारी होती: उन्हात उभा असलेला भक्कम खांब फुकट मिळत होता, आणि घड्याळाला मूर्तिपूजा कोण म्हणणार?

माथा शाबूत असेल तर नशीब. पंधराव्या शतकातला चांगला माथा म्हणजे उतरत्या छपराचा दगडी कंदील: चार बाजूंना चार कोनाडे, एका रुंद बाजूला क्रुसावरचा येशू आणि दोन्हीकडे मरिया व योहान, उलट बाजूला बाळाला घेतलेली मरिया, अरुंद बाजूंवर संत. लिंकनशरमधल्या समर्सबी गावात असा एक क्रूस आश्चर्यकारकरीत्या वाचला आहे, साधारण पंधरा फूट उंच, एका अंगाला क्रुसावरचा येशू आणि दुसऱ्या अंगाला मरिया, वर छोटंसं छप्पर. कवी टेनिसन १८०९ मध्ये ह्याच गावात जन्मला. वडील इथले पाद्री. लोक टेनिसनसाठी येतात आणि क्रूस ओझरता बघतात, खरं तर उलट करायला हवं.

दगड कुठला हेही बघा, कारण त्यावर सगळी घडण अवलंबून असते. ग्लॉस्टरशर आणि कॉट्सवोल्ड्सचा चुनखडीचा दगड छिन्नीला लोण्यासारखा, म्हणून तिथे नाजूक कोनाडे आणि झिजलेले चेहरे. कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट हट्टी. त्यात बारीक हात कोरणं कठीण, म्हणून तिथे चाकासारखं गोल डोकं आणि त्यावर उठावाचा साधा क्रूस. ईस्ट अँग्लियात बांधकामाचा चांगला दगडच नाही आणि प्युरिटनांचा, म्हणजे कट्टर प्रॉटेस्टंटांचा, जोरही तिथेच जास्त, तेव्हा तिकडे फार आशा धरू नका.

पाचवी पायरी: हजार वर्षांपूर्वीचे वेगळे काढा

इथवर सांगितलेली पायऱ्या, तळखडा, अष्टकोनी खांब, कंदील ही मांडणी तेराव्या शतकानंतरची. १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आधीचे क्रूस दिसायला पूर्ण वेगळे. त्यांचा खांब चौकोनी किंवा गोल, चारही बाजूंनी तळापासून वरपर्यंत नक्षीने भरलेला. द्राक्षवेल, तिच्यात घड खाणारे पक्षी आणि प्राणी, दोरांच्या गाठी, कधी रून ह्या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीतली अक्षरं. हे बहुतेक उत्तरेत आणि मधल्या भागात.

डर्बीशरमधलं ईम हे गाव १६६५–६६ च्या प्लेगच्या साथीत स्वतःला कोंडून घेतल्यामुळे प्रसिद्ध आहे. तिथल्या चर्चच्या आवारातला क्रूस त्या साथीच्याही आठ-नऊशे वर्षं आधीचा. डोकं शाबूत आहे, पण खांबाचा वरचा तुकडा हरवल्यामुळे तो बुटका, मान नसलेला दिसतो. हे एकदा बघून ठेवा, कारण असा बेतशीरपणा बिघडलेला दिसला की मधला तुकडा गेला आहे हे पुढच्या वेळी चटकन कळतं. जवळच बेकवेलच्या आवारात असे दोन खांब आहेत आणि चर्चच्या देवडीत तुकड्यांचा ढीगच मांडलेला आहे.

कंब्रियाच्या उत्तर टोकाला ब्यूकासलचा खांब रोमन किल्ल्याच्या आत वसलेल्या आवारात उभा आहे. साडेचौदा फूट, माथा नाही. पश्चिमेला एकावर एक तीन माणसं: वर कोकरू घेतलेला बाप्तिस्मा करणारा योहान, मध्ये दोन प्राण्यांवर उभा येशू, खाली हातावर पक्षी घेतलेला माणूस, ज्याच्याबद्दल विद्वानांचं अजून एकमत नाही. दक्षिणेच्या बाजूला वेलबुट्टीच्या मधोमध अर्धवर्तुळाकार छायाघड्याळ आहे. वर सांगितलं की घड्याळ म्हणजे नंतरची भर. इथे मात्र ते मूळ कोरीवकामाचाच भाग मानलं जातं आणि इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या घड्याळांत त्याची गणना होते. त्यामुळे घड्याळ दिसलं की आधी ते खांबावर वेगळं बसवलं आहे की खांबातच कोरलं आहे, ते बघायचं.

आणि गॉसफर्थ. कंब्रियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं हे छोटं गाव आणि त्याच्या सेंट मेरी चर्चच्या आवारातला दहाव्या शतकातला लाल वालुकाश्माचा क्रूस. साधारण साडेचौदा फूट उंच पण इतका सडपातळ की पहिल्यांदा बघताना तो वाऱ्याने कसा पडला नाही असं वाटतं. खालचा भाग गोल, वरचा चौकोनी, वर छोटं डोकं, तेही मूळचं. नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेले व्हायकिंग लोक त्या भागात स्थायिक झाले तेव्हाचा. पूर्वेच्या बाजूला, खाली, हात पसरलेला येशू, त्याच्याखाली भालाधारी आणि समोर लांब वेणीची, मागे घोळणारा झगा घातलेली बाई. ती ख्रिस्ती चित्रांत क्रूसापाशी दिसणाऱ्या मरिया मग्दालियासारखी कमी आणि नॉर्स कथांतल्या वाल्किरीसारखी, म्हणजे पडलेल्या योद्ध्यांना नेणाऱ्या देवकन्येसारखी, जास्त दिसते. त्याच बाजूला वर एक जण लांडग्याच्या जबड्यात पाय रोवून उभा आहे, तो विदार, म्हणजे देवांच्या अंताच्या वेळी लांडग्याला मारणारा नॉर्स देव, मानतात. पश्चिमेला गेलात तर अगदी खाली बघा: बांधून टाकलेला लोकी हा कपटी नॉर्स देव, आणि त्याच्यावर टपकणारं सापाचं विष वाडग्यात झेलणारी त्याची बायको सिग्युन. चर्चच्या दारासमोर जुन्या देवांच्या अंताची गोष्ट आणि येशूचं मरण एकाच खांबावर. पाथरवटाने जुनं सोडून दिलं होतं की जुन्याच्या आधाराने नवं समजावत होता, ह्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. मला दुसरं पटतं. उतरत्या उन्हात, म्हणजे दुपारी उशिरा, पश्चिमेची बाजू उठून दिसते. गॉसफर्थ फार लांब वाटत असेल तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १८८२ मध्ये त्याची प्लास्टरची प्रतिकृती करून घेतली आहे.

सहावी पायरी: हरवलेलं डोकं शोधा

बाहेरचं बघून झालं की चर्चच्या आत जा. फोडाफोडीच्या काळात काही गावांनी डोकं लपवलं, काहींनी तुटके तुकडे भिंतीत दगड म्हणून वापरले. ग्लॉस्टरशरमधल्या ॲम्पनी क्रूसिसच्या क्रूसाचा माथा चर्चमध्येच चिणलेला होता. एकोणिसाव्या शतकात तो सापडला आणि पुन्हा खांबावर चढवला. म्हणूनच त्याच्यावरचं कोरीवकाम बाहेर उभ्या राहिलेल्या इतर माथ्यांपेक्षा कितीतरी ताजं आहे. कॉर्नवॉलमधल्या मायलरला तर आख्खा क्रूसच चर्चच्या भिंतीला टेकू म्हणून लावलेला होता. १८७० मध्ये तो उपटला तेव्हा सतरा फुटांहून लांब निघाला. आज त्याचा बराच भाग जमिनीखाली आहे.

देवडीच्या आतल्या भिंती, बाप्तिस्म्याच्या कुंडामागचा कोपरा, घंटाघराचा तळ, ह्या जागा बघायच्याच. कॉर्नवॉल आणि डेव्हनमध्ये आणखी एक सावधगिरी: शेताच्या फाटकाचा खांब किंवा ओढ्यावरची फरशी होऊन पडलेले रस्त्यावरचे क्रूस एकोणिसाव्या शतकातल्या पाद्र्यांनी उचलून आवारात आणून लावले. ते मध्ययुगीन आहेत, चर्चच्या आवाराचे मात्र नाहीत. एका आवारात दोन-तीन क्रूस असतील तर ही शंका घ्यावी.

चर्चवॉर्डन भेटला तर त्याच्याशी बोला. गावातला हा माणूस पगारी नसतो, किल्ल्या त्याच्याकडे असतात आणि विचारणारं कोणी भेटलं की तो खुलतो. निघताना भिंतीतल्या पेटीत दोन-चार पौंड टाका. छप्पर त्याच्यावरच चालतं.

सातवी पायरी: फोटो आणि नोंद

भर दुपारी घेतलेला कोरीवकामाचा फोटो सपाट येतो. ऊन तिरकं हवं. हिवाळ्यात इंग्लंडचा सूर्य दिवसभर खालीच असतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, फक्त डिसेंबरच्या आसपास चारच्या सुमाराला अंधार पडतो. ढग असतील तर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा. पुसट अक्षरं सावलीमुळे उठतात. दक्षिणेपासून सुरू करून चारही बाजू ठरलेल्या क्रमाने घ्या, नाहीतर घरी आल्यावर कुठली बाजू कुठली ते कळत नाही. एक फोटो लांबून, चर्चसकट.

वहीत एवढं पुरे: पायऱ्या किती आणि कशा, तळखड्याची लांबी-रुंदी-उंची, खांबाची जाडी तळाशी, सांधे कुठे, दगडाचा रंग, माथा मूळचा वाटतो की नाही आणि का. शेवटचा "का" लिहायला लाज वाटू देऊ नका.

काय करायचं नाही

दगड घासायचा नाही. पांढरे, करडे, नारिंगी जे डाग दिसतात ते दगडफूल. गोड्या मसाल्यात पडतं त्याचंच भाऊबंद. ते वर्षाला जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर वाढतं, आणि इंग्लंडच्या सखल भागात जुना नैसर्गिक खडक फारसा उघडा नसल्यामुळे चर्चची आवारं हाच त्याचा मोठा आसरा आहे. ते खरवडलं तर त्याच्यासोबत दगडाचं कातडंही निघतं. अक्षरं दिसावीत म्हणून खडू भरायचा नाही, कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा घ्यायचा नाही. तळखड्यावर चढून माथ्याचा फोटो तर अजिबात नको.

शेड्यूल्ड स्मारकाची नासधूस हा १९७९ च्या पुरातन स्मारक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तिथे परवान्याशिवाय मेटल डिटेक्टर फिरवणंही. संरक्षण नुसत्या दगडाला नसतं, भोवतीची थोडी जमीनही त्यात धरलेली असते.

पहिली फेरी कुठे

लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्विंडन शहरात गोव्याच्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि मराठी कुटुंबंही बरीच, म्हणून तिथूनच सांगतो. वायव्येला सात-आठ मैलांवर विल्टशरमधलं क्रिकलेड हे छोटं गाव. स्विंडन ते सिरेन्सेस्टर बस त्याच्यावरून जाते. तिथे दोन मध्ययुगीन क्रूस आहेत, दोन्हींना कंदिलासारखं डोकं. सेंट सॅम्प्सन चर्चच्या आवारातला मुळात भर रस्त्यातला गावचा क्रूस, तो नंतर आत आणला. सेंट मेरीच्या आवारातला मात्र आवाराचाच. हे सेंट मेरी १९८० च्या दशकापासून कॅथलिकांकडे आहे, आणि इंग्लंडमधल्या मध्ययुगीन पॅरिश चर्चच्या बाबतीत ते फार क्वचित घडतं. दोन्ही क्रूस एकाच गावात, चालत काही मिनिटांच्या अंतरावर, त्यामुळे रस्त्यावरचा आणि आवारातला ह्यांची तुलना आयती होते. आधी सॅम्प्सनचा बघा, मग मेरीचा.

गाडी असेल तर तिथून अर्ध्या तासाच्या आत ॲम्पनी क्रूसिस. सिरेन्सेस्टरहून फेअरफर्डला जाणाऱ्या रस्त्यालगत, होली रूड चर्च. माथ्याच्या एका अरुंद बाजूवर चिलखत घातलेला सरदार आहे, तो दुर्बिणीतून बघा; चिलखताची ठेवण पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची, आणि क्रूसाचा काळ ठरवताना तिचा उपयोग झाला आहे. ब्रिस्टलच्या उत्तरेला आयर्न ॲक्टनला जायचं असेल तर तो वेगळा दिवस ठेवा. तिथला पंधराव्या शतकातला क्रूस खांबावर नाही, चार कमानींच्या छोट्या मंडपावर उभा आहे, आणि आत उभं राहून वर बघितलं की दगडी छताच्या फासळ्या दिसतात.

रविवारी ह्या भागात बस फार कमी असतात, काही मार्गांवर नसतातच. शनिवार धरा.